दैवशालाबाईंच्या दोन मेंढ्या

माकणीच्या दैवशालाबाई सातवी शिकलेल्या आहेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शाळेला.

बाईंचा जन्म मेंढरांमागचा. आज या शिवारात बसायचं, उद्या त्या शिवारात. पाटी हातात घ्यावी म्हणेपर्यंत राहुटीचं पाल उचलायची वेळ यायची. लग्न झालं तेही मेंढरांतच, धुळाप्पांशी. धुळाप्पा अजूनही दिवाळी झाली की कळप घेऊन जे निघतात ते पेरणीच्या तोंडालाच उगवतात, आणि घरात चार दिवस पाहुण्यासारखे अवघडून बसतात. रामहरीला शाळेत घालायचं म्हणून बाई माकणीत एका जागी राहिल्या. राहिल्या त्या शिवणयंत्राच्या आधारानं. रामहरी शिकला, एसटीत कंडक्टर झाला, आणि बाईंचं शिवणकाम वाढत वाढत भरतकामाच्या कॉम्प्युटर मशीनपर्यंत पोचलं. आता लोहाऱ्यापासून बेंबळीपर्यंत कुठल्याही नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीवर मोर दिसला, तर तो माकणीहून उडालेला आहे असं समजावं.

अक्षरावाचून हे सगळं जमलं कसं, तर बाईंनी स्वतःच्या सोयी केल्या होत्या. गिऱ्हाइकाचं माप वहीत नसायचं, दोऱ्यावर असायचं. एका बाईचा एक दोरा. छातीला एक गाठ, कंबरेला दोन, बाहीला तीन. भिंतीवर खिळ्यांना असे शे-दीडशे दोरे लोंबत, आणि कुठला कुणाचा हे बाई न चाचपडता सांगत. बँकेत सही करायची वेळ आली की पेन न उचलता एका दमात ‘दैवशाला’ काढत. ती सही नव्हे, नक्षी होती. टाका घालावा तशी शिकलेली, आणि शेवटी दोरा तोडावा तसा पेनाला हलका हिसका.

खोटं बोलायची पाळी आली ती रामहरीच्या सोयरिकीत. मुलगी शुभांगी, धाराशिवची, बी.ए. झालेली. तिचे वडील एका कार्यालयात बाबू. मेंढरू त्यांच्या घरात आलेलं फक्त ताटात. बैठकीत चहा चालू असताना त्यांनी सहज विचारलं, “आन् विहीणबाई, तुमचं शिक्षण?”

रामहरीनं तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, “सातवी.”

सातवीच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पाचवी म्हटलं तर बी.ए.च्या पुढं फारच कमी, दहावी म्हटलं तर सर्टिफिकेट कुठंय म्हणतील. सातवी कशी, कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. रामहरी चहाच्या कपात बघत बसला. झालं, लग्न लागलं, सून घरात आली, आणि बाईंच्या मागं सातवी लागली.

सकाळी पेपर आला की हातात धरावा लागायचा. सुलटा-उलटा फोटोवरून कळायचा. ज्या पानावर फोटो नाही ते पान बाई चटकन उलटत. लग्नाची पत्रिका आली की “चष्मा कुठं ठिवला गं?” म्हणून शोधाशोध चालू व्हायची, ती सुनेनं पत्रिका मोठ्यानं वाचून होईपर्यंत. सून तशी गुणाची. उलट बोलत नाही, भाकरीही पातळ करते. बाई चार बायकांत सांगायच्या, “आमची शुभांगी बी.ए. हाय, पण गर्व न्हाय.” आणि मनातून भ्यायच्या. ज्या दिवशी हिला कळंल, त्या दिवशी ही ‘आत्या’ म्हणंल, पण ते निराळं ‘आत्या’ असंल.

आता तो कॉम्प्युटर. तो दुकानातून खोक्यात बसून आलेला नव्हता. लोहाऱ्याच्या पंचाक्षरी आप्पांनी तो सुटा सुटा जमवलेला. पेटी एका बंद पडलेल्या सायबर कॅफेची, पडदा दुसऱ्याच कुणाचा, आतलं मुख्य कार्ड सोलापूरहून आणलेलं, आणि पंखा इतका मोठा की उन्हाळ्यात बाई पेटीचं झाकण काढून त्याच्यासमोर बसायच्या. या कॉम्प्युटरच्या पोटात दोन सिस्टीम होत्या. भरतकामाचं सॉफ्टवेअर जुनं, ते फक्त जुन्या विंडोजवर चालायचं. आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो, इंटरनेट, बाकीचं सगळं नव्या सिस्टीमवर. आप्पा म्हणायचे, “मावशी, एकाच गोठ्यात दोन बैल बांधून दिल्यात. जो पायजे तो सोडा.”

कुठला सोडायचा ते ठरवणाऱ्याला बूट लोडर म्हणतात. एसटी स्टँडवर कंट्रोलर असतो ना, तसा. कॉम्प्युटर चालू केला की पहिल्यांदा तो उठतो, काळ्या पडद्यावर गाड्यांची यादी लावतो, आणि दहा आकडे मोजेपर्यंत वाट बघतो. प्रवासी काही बोलला नाही, तर त्याच्या मनाला येईल त्या गाडीत बसवून देतो. यादी इंग्रजीत. बाईंना इंग्रजीही तेवढीच येत होती जेवढी मराठी. पण आप्पांनी पहिल्या दिवशी करून दाखवलेलं त्यांनी बोटात धरून ठेवलं होतं. खालच्या बाणाला दोन टिचक्या, मग एंटर. जुनी सिस्टीम हजर. दोन वर्षं एकदाही चुकलं नाही.

चुकलं ते मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी. आदल्या दिवशी नव्या सिस्टीमनं स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, आणि त्या गडबडीत यादीत मधेच एक ओळ घुसली. बाईंना काय कल्पना! त्यांनी दोन टिचक्या मारल्या, एंटर दाबलं, आणि पडद्यावर आकडेच आकडे पळायला लागले. बाई बसल्या. चहा झाला. आकडे पळतच होते. मशीनवर कापड चढवून ठेवलं. आकडे तसेच.

शुभांगी केर काढता काढता थबकली. “आत्या, काय चाललंय त्याचं?”

“साफसफाई चाललीय,” बाई म्हणाल्या. “वर्सातनं एकदा करावी लागती.”

कॉम्प्युटर आपली मेमरी तपासत होता. बिचारा पहिल्यापासून शेवटपर्यंत जायचा, सगळं आठवतंय ना बघायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. अकरा वाजले तरी त्याचं समाधान होईना. तेव्हा बाईंनी फोन उचलला आणि परसात गेल्या.

“आप्पा, ते नुसतं आकडे मोजाया लागलंय.”

“बंद करून चालू करा मावशी. यादी आली की वरच्या बाणाला एक टिचकी मारा, म्हंजे ती थांबती. मग काय काय लिहिलंय ते मला वाचून दावा.”

बाई पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बंद करून चालू केलं, टिचकी मारली, यादी थांबली. ओळींवर मुंग्या बसाव्यात तशी अक्षरं.

“चष्मा सापडंना आप्पा.”

“मग सूनबाईला द्या की फोन. बी.ए. हायत म्हणं.”

शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात परात. तिनं ऐकलं का नाही कळेना. पण ती पटकन आत वळली आणि पीठ मळायला लागली. दुपारच्या भाकरीला अजून तास होता.

“ती कामात हाय,” बाई घाईनं म्हणाल्या. मग आवाज खाली आणला, इतका खाली की आप्पांना दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. “म्या सांगते. वरच्या वळीत पयला घोड्याचा नाल हाय. उघडं तोंड वर.”

“बरं. त्याच्या खाली?”

“पाल हाय. मधी आडवी काठी.”

“त्याच्या खाली?”

“त्याच्या खाली दोन डोंगर.”

“आन् त्याच्या खाली?”

“तेच डोंगर, पर उलटे.”

लोहाऱ्याच्या तहसीलसमोरच्या दुकानात पंचाक्षरी आप्पांनी समोरच्या गिऱ्हाइकाला हातानं थांबवलं, एक कागद ओढला आणि त्यावर नाल, पाल आणि डोंगर काढले. नाल म्हणजे यू, पाल म्हणजे ए, डोंगर म्हणजे एम, मधेच घुसलेल्या मेमरी-तपासणीचा, आणि उलटे डोंगर म्हणजे डब्ल्यू, विंडोजचा. कागदाकडं ते जरा वेळ बघत राहिले. दोन वर्षं या बाईंना ते पावतीवर लिहून देत होते आणि बाई मान डोलवून पावती पदराला बांधत होत्या.

“मावशी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात काही फरक पडला नाही, “उजेड उलट्या डोंगरावर न्या आन् एंटर दाबा. आजचं भागंल. उद्या येतो मी तिकडं. तुमचा कंट्रोलर म्हातारा झालाय, बदलून टाकू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मोटारसायकलवरून आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पाठीवर पिशवी, फोनवर आईशी कानडीत वाद चालू. उंबऱ्यात चपला काढताना फोन ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, चहा. साखर कमी, दूध जास्त, आल्याला नको म्हणत न्हाय.”

शुभांगी आत गेली. बाई आप्पांकडं बघेनात. कापडाची उगाच घडी घालत बसल्या. काल फोनवर नाल-पाल सांगून झाल्यावर त्यांना समजलं होतं की आपण काय सांगून बसलो. आता हा माणूस बोलता बोलता सुनेपुढं काहीतरी बोलून जाईल. वाईट नाही, पण बोलका आहे.

आप्पांनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला आणि मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं म्हणाले, “हे लिखापढीचे कंट्रोलर आता कुणी ठेवत न्हाय मावशी. पुण्याला समदी चित्रांचेच वापरतात. म्होट्या म्होट्या इंजिनिअरांकडं बी चित्रंच. शिकल्याल्या माणसाला वाचायचा कटाळाच आस्तो.”

बाईंनी घडी थांबवली. आप्पांकडं पाहिलं. आप्पा पडद्याकडं पाहत होते.

“व्हय?” बाई म्हणाल्या.

“तर!”

मग ते कामाला लागले. डिस्कच्या कोपऱ्यात एक छोटीशी खोली असते, कंट्रोलर तिथं राहतो. आप्पांनी त्या खोलीत नवा कंट्रोलर नेऊन बसवला. जुन्याला हाकललं नाही. “ऱ्हाऊ दे कोपऱ्यात,” म्हणाले, “नव्यानं दगा दिला तर हाकंला ओ द्यायला कुणीतरी पायजे.” कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पुन्हा तीच काळी यादी. आप्पांनी कपाळाला हात लावला. खोलीत माणूस बसवला, पण आधी त्याला उठवा हे मुख्य कार्डाला सांगायचं राहिलं होतं. पुन्हा चालू करताना एक बटण दाबून ते सेटिंगमध्ये शिरले, नव्याचं नाव वर आणलं, जुन्याचं खाली.

या खेपेला काळी यादी आली नाही. पडद्याच्या मधोमध दोन चित्रं शेजारी शेजारी उभी राहिली.

“ही चौकट जुनी सिस्टीम,” आप्पा म्हणाले. “खिडकी हाय ती. आन् ही नवी, तिची खूण पेंग्विन.”

“कोण?”

“पेंग्विन. पक्षी हाय. बर्फात ऱ्हातो.”

बाईंनी चष्मा, जो आज सापडला होता, नाकावर सरकवून बघितलं. “कोट घातल्याला कोंबडा वाटतोय. आमच्या घरात ह्याला कोण वळखत न्हाय आप्पा. ह्याला ठिवून काय करू?”

“मग तुमी सांगा कुणाला ठिवायचं. चित्र बदलता येतंय. फोटो काढून आत टाकला की झालं.”

बाईंनी जरा विचार केला. मग पांढऱ्या कापडाचे दोन चौकोनी तुकडे कापले आणि हातानंच भरायला बसल्या, मशीन नाही. आप्पांनी तेवढ्यात दुसरा चहा घेतला, पंख्यातली धूळ काढली, आईला फोन करून सकाळचा वाद पुढं चालवला. तासाभरानं बाईंनी दोन्ही तुकडे त्यांच्यापुढं ठेवले.

आप्पांनी एक बघितला. दुसरा बघितला. पुन्हा पहिला बघितला.

“मावशी, ह्या दोन्ही मेंढ्याच हायत की!”

“मग काय हत्ती काढू?”

“आवं, पण वळखायच्या कशा?”

“तुमास्नी वळखायच्यात का मला?” बाई म्हणाल्या. कालपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात धार आली होती, आणि ती ऐकून आप्पांना बरं वाटलं. त्यांनी उन्हात तुकडे धरून फोटो काढले, कापून लहान केले, आत टाकले. पहिल्या खेपेला मेंढ्या आल्याच नाहीत, कोंबडा परत आला. फायलीचं नाव चुकलं होतं. दुसऱ्या खेपेला आल्या. काळ्या पडद्यावर टाका न् टाका दिसत होता. मोजणी आप्पांनी काढून टाकली. आता कंट्रोलर घाई करणार नव्हता. बाईंनी बोट दाबेपर्यंत दोन्ही मेंढ्या उभ्या राहणार.

जाताना अंगणात मोटारसायकलला किक मारायच्या आधी आप्पा म्हणाले, “मावशी, पावती आता लिहून देत न्हाय. फोनवर बोलून पाठवतो, ऐका. लिहायचा मलाबी कटाळाच हाय.”

बाईंनी मान डोलवली. मग त्यांच्या पिशवीत चार पेरू घातले.

गुरुवारी बाई परसात ऊन पाण्यानं डोक्यावरून नाहत होत्या, केस शिकेकाईनं भरलेले, आणि बाहेर गावातल्या सीताबाईंची मुलगी ब्लाऊज न्यायला येऊन बसलेली. त्या पोरीला दुपारची जीप गाठायची होती आणि एका बाहीवरची वेल अजून भरायची होती.

“शुभांगे, मशीन चालू कर गं!” बाईंनी तिथूनच हाक मारली. “जुनी सिस्टीम लाव. आलेच म्या.”

बराच वेळ मशीनचा आवाज येईना. बाईंनी केस तसेच टॉवेलात गुंडाळले आणि बाहेर आल्या. शुभांगी पडद्यासमोर खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. एक बोट एंटरवर धरलेलं, दाबलेलं नाही.

“काय झालं?”

“आत्या,” ती वळून म्हणाली, “यातली कोणती दाबायची?”

“जुनी.”

“पण जुनी कोणती?”

बाईंना आधी वाटलं ही चेष्टा करतेय. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती. बाई शेजारी येऊन बसल्या आणि पडद्यावर बोट टेकवलं.

“आगं ही बघ. हिचे कान पडल्यात, पोट उतरलंय, पाठ मधी खचलीय. चार येतांची हाय ही, चारदा याल्याली. कळपाच्या म्होरं चालती, हिला वाट ठावी. ती जुनी. आन् ही बघ, मान वर, पाय एका जागी न्हाय. पयलारू हाय, कुठं तोंड घालंल नेम न्हाय. ती नवी.”

शुभांगीनं डोळे बारीक केले. “तुम्हाला हे सगळं दिसतं यात?”

“तुला न्हाय दिसत?”

“मला दोन मेंढ्या दिसतात फक्त.”

बाई हसल्या. आणि हसता हसताच, ठरवलेलं नसताना, तोंडातून निघून गेलं. “मला त्या लिखापढीत तेवढंबी दिसत न्हाय बघ. नुसत्या मुंग्या.”

बाईंनी टॉवेलाचं टोक पिळलं, नसलेलं पाणी त्यातून काढलं.

“सातवी न्हाय मी. पयली बी न्हाय. तुज्या वडलांनी इच्यारलं आन् म्या बोलून बसले. आता तुला काय वाटायचं ते वाटू दे.”

शुभांगी खाली बघत होती. मग म्हणाली, “परवा तुम्ही फोनवर बोलत होता ना, आप्पांनी मला फोन द्यायला सांगितलं तेव्हा? मी पीठ मळायला पळाले.”

“व्हय की. भाकरीला येळ असून.”

“मला वाटलं, इंग्रजी वाचून त्याचा अर्थ सांगायला लावतील.” तिनं एक श्वास घेतला. “आत्या, माझा इंग्रजीचा पेपर राहिलाय. दोनदा दिला, दोनदा गेला. बी.ए. व्हायची आहे अजून. त्या बैठकीत बाबांनी झाली म्हणून सांगून टाकलं. तुम्ही बायकांत बी.ए. बी.ए. म्हणता, तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटतं.”

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांना एकदम त्या बैठकीतला रामहरी आठवला, चहाच्या कपात बघत बसलेला, आणि समोरचे व्याही, ते तरी कुठं बघत होते? कपातच. बाईंना हसू यायला लागलं. पहिल्यांदा पोटातल्या पोटात, मग खांद्यांत, मग टॉवेल सुटून शिकेकाईचे केस तोंडावर आले तरी थांबेना. शुभांगी आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. बाहेर बसलेल्या पोरीनं दारातून डोकावून विचारलं, “काय झालं ओ मावशी? व्हतंय ना आज?”

“व्हतंय, व्हतंय!” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “बस जरा.” आणि शुभांगीला, “दाब म्हातारीला.”

शुभांगीनं म्हाताऱ्या मेंढीवर जाऊन एंटर दाबलं. जुनी सिस्टीम आली, मशीन घरघरायला लागलं, बाहीवरची वेल पुढं सरकली. बाई सुईकडं नजर ठेवून म्हणाल्या, “पेपर कवा असतोय?”

“मार्चमध्ये. उमरग्याला. पण फॉर्म भरायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते.”

“मग भर की.”

“परत गेला तर?”

“गेला तर गेला. म्या येते संगं.”

“तुम्ही येऊन काय करणार आत्या? आत नाही सोडत.”

“आत कशाला? भाईर लिंबाखाली बसन,” बाई म्हणाल्या, आणि तुटलेला दोरा ओलावून एका झटक्यात सुईत ओवला. “वाचाया येत न्हाय म्हणून बसाया बी येत न्हाय व्हय?”